पुढच्या दाताचा टवका उडाला: सिमेंट, व्हीनियर की कॅप?

“सिमेंट नको डॉक्टर, ते निघतं. सरळ कॅपच बसवा.” पुढचा दात तुटलेल्या पेशंटकडून हे मला हमखास ऐकायला मिळतं. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा गेलाय, दात जिवंत आहे, बाकीचा धडधाकट आहे, तरी कॅपची घाई. कॅपसाठी दात चहूबाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर घासावा लागतो. घासलेलं परत उगवत नाही.

लोक ज्याला सिमेंट म्हणतात ते पुढच्या दातांत बहुधा कॉम्पोझिट असतं. राळेत कालवलेली काचेची बारीक पूड, निळ्या प्रकाशाने कडक होणारी. ते एकाच शेडमध्येही भरतात आणि थराथरानेही. बारीक टवक्याला एक शेड पुरते. कोपराच गेला असेल तर मात्र मागे आधाराला दात नसतो. पारदर्शक शेड लावली की तोंडातला अंधार आरपार दिसून भरलेला भाग राखाडी दिसतो. अपारदर्शक शेड लावली की खडू चिकटवल्यासारखा.

थरांच्या कामात आधी सिलिकॉन पुट्टीचा साचा घेतात. त्यात मागच्या बाजूची कागदासारखी पातळ भिंत उभी राहते. तिच्यावर डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या भागासारखा, अपारदर्शक थर येतो आणि त्याच्या टोकाला बोटांसारखे तीन उंचवटे काढतात. मधल्या फटींत किंचित निळसर पारदर्शक मटेरियल भरायचं, मग वर एनॅमलचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या आवरणासारखा, थर. हा शेवटचा थर अर्ध्या मिलिमीटरपुढे गेला की दात मेल्यासारखा दिसतो. सुरुवातीच्या काळात मी इथेच फसायचो, वाटायचं शेडच चुकली.

शेड दात ओला असतानाच निवडावी लागते. सुकलेला दात पांढरा पडतो, आणि त्यावरून निवडलेली शेड दुसऱ्या दिवशी चारचौघांत उठून दिसते.

पण रंग थोडा चुकला तरी खपतो, आकार चुकला तर नाही. दाताच्या समोरच्या बाजूला दोन उभ्या कडा असतात, प्रकाश तिथून वळतो. शेजारच्या दातावर आणि नव्या दातावर मी त्या पेन्सिलने आखून घेतो. दोन्हीकडच्या रेघांतलं अंतर सारखं होईपर्यंत डिस्क फिरवत राहायचं. पॉलिश त्यानंतर. एका कोपऱ्याला सहज तास-दीड तास जातो. वीस मिनिटांत करून देतो म्हणणाऱ्याला किती शेड वापरणार ते विचारा.

व्हीनियर म्हणजे सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. दात फक्त समोरून, साधारण अर्धा मिलिमीटर घासायचा, माप लॅबला जातं, किमान दोन फेऱ्या होतात आणि खर्च कॉम्पोझिटच्या काही पट. रंग मात्र वर्षानुवर्षं टिकतो. कॉम्पोझिटवर हळद, चहा, तंबाखू, मिश्री सगळं चढतं. वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यावंच लागतं, आणि पाच-सात वर्षांनी डागडुजी धरून चाला. ती अर्ध्या तासात खुर्चीवरच होते. व्हीनियर तडकलं तर बहुतेक वेळा नवीनच करावं लागतं. शिवाय एकच पुढचा दात शेजाऱ्याशी जुळवणं लॅबसाठीही अवघडच. चार-सहा दात एकदम बदलायचे असतील तर मीही व्हीनियरच सुचवीन.

कॅप कुणाला? रूट कॅनाल झालंय आणि दात निम्म्याहून जास्त गेलाय, त्यांना. शाळकरी मुलांना तर नकोच. त्यांच्या दातातली नस मोठी असते आणि हिरडीही अजून वर सरकायची असते. अठरा-वीस वयापर्यंत कॉम्पोझिटवर निभावून न्यावं.

आणि दात नुकताच तुटला असेल तर आधी तुकडा शोधा. पाण्यात किंवा दुधात घालून त्याच दिवशी घेऊन या. पुष्कळदा तोच चिकटवता येतो.