बेदाणा शेडवरच्या बाईनं कुठली पेन्शन घ्यावी: श्रमयोगी की अटल?

तासगावच्या बेदाणा शेडवर रोजंदारीनं निवडणीला जाणारी, पीएफ नसलेली तिशीतली बाई डोळ्यांसमोर आणा. साठीनंतर महिना ३,००० रुपये हवेत. तिच्यापुढे केंद्राच्या दोन योजना आहेत: २०१९ ची श्रमयोगी मानधन आणि २०१५ ची अटल पेन्शन. दोन्हींत चाळिशीपर्यंतच नाव घालता येतं.

हप्ता बघितला की पारडं लगेच श्रमयोगीकडं झुकतं. तिसाव्या वर्षी तिथं महिन्याला १०५ रुपये, अटलला ३४७. श्रमयोगीत तिच्या १०५ वर सरकार आणखी १०५ घालतं. तरी झाले २१०च. मग ३४७ चं काम २१० मध्ये कसं भागतं? खरी मेख इथं आहे. नवरा-बायको दोघंही गेल्यावर श्रमयोगीची शिल्लक मुलांना मिळत नाही, निधीतच राहते. पेन्शन घेणारी आधी गेली तर नवऱ्याला निम्मी, म्हणजे १,५०० रुपये. अटलमध्ये त्याला पूर्ण ३,००० मिळतात आणि दोघांनंतर वारसाला ५ लाख १० हजार.

सरकारी तिजोरीचा वाटाही दोन्हीकडं वेगळा. श्रमयोगीत तो दरमहा, रोख पडतो. अटलमध्ये हमी आहे: गुंतवणुकीवर परतावा कमी पडला तरच सरकार फरक भरणार. तेला-साबणावर ही बाई रोज कर भरतेच. त्यातलं थोडं तिच्या नावावर परत येतं ते श्रमयोगीत. म्हणून हातावर पोट असेल, ३४७ सुटणं अवघड असेल, तर मी श्रमयोगीच घ्या म्हणेन. मुख्य अट ही, की महिन्याची कमाई १५,००० च्या आत हवी आणि पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नको. गावातल्या सीएससी म्हणजे सरकारी सेवांच्या सामायिक सुविधा केंद्रात नोंद होते.

घरात लहान मुलं असतील आणि पैसे सुटत असतील तर अटल. हंगामी कमाईवाल्यांना तिथं तिमाही किंवा सहामाही हप्ता घेता येतो, हे फार सोयीचं आहे.

महागाईची भीती मात्र दोन्हीकडं सारखी, कारण पेन्शन वाढत नाही. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर तीस वर्षांनी या ३,००० ची किंमत आजच्या सातशे रुपयांएवढी उरेल. अटलमध्ये ५,००० चा पर्याय आहे, तिसाव्या वर्षी हप्ता ५७७. श्रमयोगीत ३,००० च्या वर काही नाही.