गरम होऊन बंद पडणारा लॅपटॉप, तीन वर्षं वापरल्यावरचा अनुभव

लॅपटॉप घेतला २०२१ च्या दिवाळीत. आय७-१०७५०एच प्रोसेसर, सहा कोर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड वेगळं. मी इंटेरियरचं काम करते, दिवसभर ऑटोकॅड आणि रात्री ब्लेंडरमध्ये रेंडर, म्हणजे थ्रीडी डिझाइनवरून फोटोसारखं चित्र बनवणं, त्यात प्रोसेसरला सतत जोर लागतो. स्क्रीन छान, कीबोर्ड अजून नव्यासारखा, बॅटरी ठीकठाक. बाकी सगळं सोडून गरम होण्याबद्दलच लिहितेय कारण त्याने अक्षरशः रडवलं मला.

मी अकोल्याची. २०२४ च्या मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला होता, उन्हामुळे जिल्ह्यात १४४ कलम लावलं होतं तेव्हाची गोष्ट. रेंडर लावलं की वीस मिनिटांत स्क्रीन काळी, निळा एरर वगैरे काही नाही, फटकन बंद. लगेच चालू केला की पाच मिनिटांत परत बंद, पण अर्धा तास तसाच ठेवला तर नीट चालायचा. तुमच्याकडेही असंच होत असेल तर आधी गरमीचाच संशय घ्या.

वॉरंटी संपलेली. एका दुरुस्तीवाल्याने उघडूनही न बघता सांगितलं, "ताई, मदरबोर्ड गेलाय, अठरा हजार लागतील." दुसरा म्हणाला फॉरमॅट मारा. फॉरमॅट केला, दोन दिवस डेटा परत भरण्यात गेले आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. मग चौदाशेचा कूलिंग पॅड घेतला, त्याने जेमतेम ३-४ डिग्रीचा फरक पडला.

शेवटी स्वतःच बसले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी एररची नोंद दिसत होती, पण त्यातून एवढंच कळतं की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं, कशामुळे ते नाही कळत. खरं काम केलं एचडब्ल्यूइन्फोने, म्हणजे आतलं तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने. त्यात आकडे नुसते बघत बसू नका, लॉग फाईल चालू करून ठेवा, म्हणजे मशीन अचानक गेलं तरी आधीच्या नोंदी फाईलमध्ये राहतात. माझ्या फाईलमध्ये शेवटी प्रोसेसर सरळ १०० डिग्रीवर. या चिपची मर्यादाच १०० आहे, तिथे ती आधी स्पीड कमी करते आणि तरी उष्णता बाहेर जात नसेल तर मशीन बंद पडतं. काहीच काम चालू नसतानाही ६८ दाखवत होतं!

मग उघडला. आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, हे विसरू नका. पंखे वरून स्वच्छ दिसत होते म्हणून क्षणभर वाटलं इथेही काही नाही, पण पंख्याचं झाकण काढलं तर पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्यांच्या मधे कापसाचा नमदा बसलेला, अख्खाच्या अख्खा चिमट्याने उचलून काढला. आमच्या घरामागे जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) आहे, सीझनभर कापसाची बारीक तूस उडत असते, त्यात घरातला कूलर बाहेरची हवा आत ओढतो. बाहेरून ब्लोअर मारून हे निघत नाही, उलट आत ढकललं जातं. आणि उघडल्यावर ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून खराब होऊ शकतो.

प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आर्क्टिक एमएक्स-४ ही नवी पेस्ट लावली, हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या नंबरप्रमाणे थोडे थोडे आवळले, बाकीच्या चिपवरचे थर्मल पॅड (उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्या) चांगले होते म्हणून तेच ठेवले.

आता रेंडरला ८५-८८ डिग्री, नुसता चालू असताना ५० च्या आसपास. कडक उन्हाळ्यात पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९% करते, त्याने टर्बो (गरज पडली की प्रोसेसर आपोआप वाढवतो तो स्पीड) बंद होतो, ४० मिनिटांचं रेंडर तासाभराचं होतं पण ७५ च्या वर जात नाही. एकदाही बंद पडला नाही तेव्हापासून.

कंपनीवर राग एकच, हवा आत घ्यायच्या जाळ्या खाली आणि पाय इतके बुटके की गादीवर ठेवला की जाळ्याच झाकतात. मी खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवते. जिनिंगचा सीझन संपला की मार्चमध्ये उघडून साफ करते. डावा पंखा आता थोडा घरघरतोय, तो मात्र या उन्हाळ्याआधी बदलावा लागेल.