इंदूरच्या काळ्या मातीत मोरपंखीचं कुंपण: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लावलेली २४ रोपं, उंची साधारण दोन फूट, दोन रोपांत अडीच फुटांचं अंतर, जागा पश्चिमेच्या भिंतीलगत. सोबत साधा ठिबक संच आणि ५० टक्के सावली देणारी हिरवी नेट. आज २१ रोपं जिवंत आहेत. मेलेल्या तिघांपैकी एक पावसाळ्यात मूळकुजीने गेलं आणि दोन तहानेने. तहानेने गेलेल्या दोघांच्या बुंध्याशी मात्र ओल दिसत होती.

ही गोष्ट नीट समजून घेतली तर पहिल्या वर्षात रोपं तपकिरी पडून वाळणं बरंचसं टळतं. नर्सरीतून येणारं रोप बहुतेक वेळा लाल मातीच्या घट्ट हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात, असतं. ती हुंडी आपल्या काळ्या चिकणमातीत बसवली की बारीक कणांची काळी माती पाणी स्वतःकडे ओढून घेते. वरून भिजलेली दिसली तरी हुंडी आतून कोरडीच राहते आणि पहिले काही महिने मुळं तर त्या हुंडीतच असतात. मेलेलं रोप उपटून पाहिलं तेव्हा बाहेरची काळी माती बोटांना चिकटत होती, हुंडी मात्र विटेसारखी कडक होती. फोडल्यावर आत पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली मुळं निघाली, आणि हुंडीबाहेर एकही गेलेलं नव्हतं.

म्हणून लावताना पिशवी पूर्ण काढा. हुंडी बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग कडेने तीन-चार उभे चिरे द्या, साधारण बोटाच्या पेराएवढे खोल. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल पुरतो. ओल्या काळ्या मातीत कुदळीने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि मुळं तिथे अडतात, त्या खरवडून घ्या. खड्डा पाण्याने भरून २४ तासांनी पाहा. पाणी तसंच असेल तर तिथे खड्ड्यात लावूच नका, अर्धा फूट उंच वरंबा करून त्यावर लावा. गच्चीचं पाणी उतरतं त्या कोपऱ्यातलं रोप सप्टेंबरात खालून वर पिवळं, मग तपकिरी होत गेलं. त्याची मुळं चिमटीत धरून ओढली की साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा. निरोगी मुळाचं टोक पांढरट आणि टणक असतं.

ठिबकबद्दल थोडं सविस्तर. ड्रीपरच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, डब्यावर ताशी ४ लिटर लिहिलेलं असतं, पण ते एक बार दाबाला, म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याला. एकमजली गच्चीवरच्या टाकीतून तीन मीटरचाच दाब मिळतो आणि तोच ड्रीपर ताशी सव्वादोन लिटरच्या आसपास देतो. ओळीच्या टोकाला त्याहून कमी. प्रत्येक ड्रीपरखाली बाटली ठेवून अर्धा तास मोजा, म्हणजे खरा हिशेब कळतो. दाब कमी असताना दाब-नियंत्रित ड्रीपर घेऊ नका, साधे उघडता येणारे घ्या. बोअरच्या पाण्याने त्यांत चुना बसतो, महिन्यातून एकदा काढून व्हिनेगरमध्ये भिजवा. गाळणी आठवड्याला धुवा. मूळ जोडणीत प्रत्येक रोपाला एकच ड्रीपर होता आणि तोही हुंडीपासून वीतभर दूर. आता दोन आहेत, एक बुंध्यापासून तीन बोटांवर हुंडीवरच आणि दुसरा बाहेर, मुळांना पुढे बोलावण्यासाठी. रोपाला हिवाळ्यात आठवड्याला पाच लिटर आणि मे महिन्यात एक दिवसाआड तेवढंच. पण आधी बोट खुपसून वाफसा, म्हणजे माती नुसती ओलसर आहे की चिखल, ते पाहायचं.

एक लक्षात ठेवा, मोरपंखी आपलं दुखणं उशिरा सांगते. तोडलेली फांदीसुद्धा फुलदाणीत कित्येक दिवस हिरवी राहते. मार्चमध्ये तपकिरी झालेलं रोप जानेवारीतच कोरडं पडलेलं असू शकतं. तेव्हा आज पान वाळलं म्हणून आजच दुप्पट पाणी ओतणं चूक आहे. आधी नखाने साल खरवडा. खाली हिरवं-ओलं असेल तर फांदी जिवंत आहे. फांदी कटकन मोडली तर गेली.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उघड्या बाजूची टोकं तांबूस-जांभळट होतात. तो रोग नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग परत येतो. फांद्यांच्या आतल्या बाजूची जुनी पानं पावसाळ्यानंतर तपकिरी होऊन झडतात, तेही वयाचं. झटकून टाका, नाहीतर तिथे ओल आणि बुरशी धरते.

खरी चिंता एप्रिल ते जूनची. पश्चिमेकडची टोकं जळली तर ऊन आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा. सगळीकडची टोकं जळली आणि ड्रीपरखाली पांढरा थर दिसला तर क्षार. रंग धुरकट, राखाडी होऊन मग तपकिरी झाला तर लाल कोळी, ही रस शोषणारी बारीक कीड. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालायला लागले की खात्री झाली. सकाळी आतपर्यंत जोरात पाण्याचा फवारा, तीन-चार दिवसांच्या अंतराने तीनदा, एवढ्याने बराच फरक पडला. गंधक इथल्या मे महिन्यात मारू नका, पस्तीस अंशांवर पानंच भाजतात. नेट रोपाला गुंडाळू नका. गुंडाळलेल्या रोपांवरच कोळी जास्त आली. फूटभर अंतरावर बांबूला बांधा, आणि काढायची ती पहिल्या पावसानंतर, ढगाळ दिवशी.

मोठ्या झाडांची पानं तपकिरी होण्याबद्दलही विचारणा खूप होते. अशोकाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळी-तपकिरी होऊन गळतात आणि मागून तांबूस पालवी येते. आंब्याची कोवळी पानंही तांबडीच असतात. यावर औषध मारणं म्हणजे पैसे वाया. मात्र शेंड्याकडून झाड वाळत येत असेल तर बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक आधी काढा आणि उन्हाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी फांद्यांच्या घेराखाली खोलवर पाणी द्या. खोडाशी ओतून उपयोग नाही. काळ्या मातीला भेगा पडतात तेव्हा बारीक मुळं तुटतात, म्हणून तीन-चार इंच पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच, खोडापासून चार बोटं सोडून.

कात्री लावताना हिरवं संपेपर्यंत आत जाऊ नका. मोरपंखी जुन्या, उघड्या लाकडातून पुन्हा फुटत नाही. नर्सरीवाल्याने ‘खालून छाटा, फुटेल’ सांगितलं होतं. तसं छाटलेल्या दोन रोपांचा खालचा भाग अजून बोडकाच आहे.

रोपं, नेट आणि ठिबक मिळून एकूण गुण पाचपैकी साडेतीन. रोपांना चार, नेटला चार, संचातल्या ड्रीपरना अडीच. मेलेल्या तिघांच्या जागी पाऊस स्थिरावल्यावर नवी रोपं लागतील, कोपऱ्यातलं वरंब्यावर, आणि पन्हळीचं पाणी पाइपने दुसरीकडे वळवल्यानंतरच.