पिकअपच्या पुढच्या ब्रेक पॅडची असमान झीज : गाईड पिनची दुरुस्ती आणि त्यानंतरचा हंगामभराचा अनुभव

दिंडोरी तालुक्यातून पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत आणि तेथून कसारा घाट उतरून वाशीच्या मार्केटपर्यंत भाजीपाला व द्राक्षे वाहणाऱ्या आमच्या पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकाचा आतला ब्रेक पॅड वारंवार लवकर संपत होता. मागच्या पावसाळ्यापूर्वी त्या चाकाच्या कॅलिपरच्या (चाकासोबत फिरणारी डिस्क पॅडने आवळणाऱ्या भागाच्या) गाईड पिन, त्यांचे रबरी बूट आणि चारही पुढचे पॅड बदलले. त्यानंतर टोमॅटोचा पूर्ण हंगाम गेला आणि आता द्राक्षांचाही संपत आला आहे, त्यामुळे या दुरुस्तीबद्दल खात्रीने लिहिता येईल.

आधीच्या गॅरेजमध्ये दर वेळी झिजलेले पॅड काढून नवे बसवून दिले जात. चाक उघडल्यावर डाव्या बाजूच्या आतल्या पॅडवर सुमारे २ मिलिमीटर आणि त्याच चाकाच्या बाहेरच्या पॅडवर ७ मिलिमीटर मसाला (पॅडचा घासून झिजणारा थर) शिल्लक होता, तर उजव्या चाकाचे दोन्ही पॅड जवळजवळ सारखे झिजलेले होते. हा फरक पाहिल्यावर पॅडच्या दर्जाला दोष देण्यात अर्थ उरत नाही, कारण एकाच डब्यातून आलेले, एकाच गाडीवर चाललेले पॅड एका चाकावर नीट आणि दुसऱ्यावर वाईट झिजत असतील, तर कारण कॅलिपरमध्येच शोधावे लागते.

बहुतेक पिकअपच्या पुढच्या चाकांना तरंगता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन गाईड पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने आवळतो. पिन जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, बाहेरच्या पॅडला पुरेसा दाब मिळत नाही आणि आतलाच पॅड घासत राहतो. मात्र आतला पॅड जास्त झिजण्यामागे पिस्टन मागे न येणे हेही कारण असू शकते. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाला असेल, तर दोनपैकी एकच पिन अडकल्याची किंवा पॅडच्या कडेचे कान त्याला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या गंजलेल्या खाचेत अडकल्याची शंका घ्यावी.

निदानाची जी पद्धत आमच्या फिटरने वापरली, ती मला सर्वांत मोलाची वाटते. गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, ब्रेक दाबून सोडला आणि चाक हाताने फिरवले, तर ते घासत होते. मग कॅलिपरचा एअर काढण्याचा निपल थोडा सैल केला. निपल सैल करताच चाक मोकळे झाले असते, तर दाब आत अडकून राहतो आणि रबरी होज पाइप आतून फुगला आहे असे मानावे लागले असते. चाक तसेच घासत राहिले, म्हणजे अडचण कॅलिपरच्या हालचालीत होती. कॅलिपर उतरवल्यावर वरची पिन हाताने सरकली, खालची मात्र हलेना. तिचा बूट फाटलेला होता आणि आत शेतरस्त्यांवरची काळी माती व पाणी जाऊन गंज धरला होता. पिस्टन क्लॅम्पने सावकाश व एकसारखा मागे गेला, त्याच्या बाजूने ब्रेक ऑइल पाझरलेले नव्हते, म्हणून सील किटला हात लावला नाही.

डिस्क मोजताना एक काळजी घ्यावी. कडेला न झिजलेली उंच धार उरते आणि साधा व्हर्नियर त्या धारेवर टेकून जाडी जास्त दाखवतो, म्हणून घासणाऱ्या पट्ट्यात मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजावे आणि डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहावे. आमची डिस्क मर्यादेत होती.

ग्रीसबद्दल मी आग्रहाने लिहितो. अनेक ठिकाणी बेअरिंगचे नेहमीचे पिवळे ग्रीसच पिनांना लावले जाते. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकमधील रबर फुगते आणि पिन पुन्हा घट्ट होते. ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस वापरावे, तेही पातळ थराने. भोक ग्रीसने ठासून भरले, तर पिन आत जाताना हवेला वाट राहत नाही. काही कॅलिपरमध्ये दोन पिना वेगवेगळ्या असतात आणि एकीवर रबरी बुश असतो, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. आम्ही आणलेल्या किटमधल्या एका बुटाची कड खाचेत नीट बसत नव्हती. ते किट परत करून गाडीच्या मूळ कंपनीचे बूट घेतले. सैल बूट लावला असता, तर इगतपुरीच्या पावसात महिन्याभरातच पाणी आत गेले असते.

नवे पॅड लावल्यानंतर पहिले काही दिवस भरलेली गाडी घाटात नेली नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगावरून हलक्या दाबाने वेग कमी करत आणि मध्ये डिस्क निवू देत पॅड डिस्कशी जुळवून घेतले.

पावसाळा संपल्यावर चाके उघडली, तेव्हा दोन्ही पिना बोटाने सरकत होत्या. ग्रीस थोडे काळपट झाले होते, ते पुसून नवे लावले. आता द्राक्षांच्या फेऱ्यांनंतर डाव्या चाकावर आत ७ आणि बाहेर साडेसात मिलिमीटर मसाला आहे. तरंगत्या कॅलिपरमध्ये आतला पॅड किंचित अधिक झिजणे स्वाभाविक आहे, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाची मला चिंता वाटत नाही. भरलेली गाडी कसारा उतरून थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले, तर दोन्ही डिस्क जवळपास सारख्याच तापलेल्या असतात. पूर्वी डावी स्पष्टपणे अधिक तापत असे. नव्या पॅडचा थंडीच्या सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला चिरका आवाज येतो, तो जुन्या पॅडचा येत नव्हता, एवढी एक तक्रार आहे.

पिना, बूट आणि ग्रीस यांचा एकत्रित खर्च पॅडच्या एका संचापेक्षाही कमी आला. येत्या मेअखेर ब्रेक ऑइल बदलायचे आहे, कारण ते हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रकाराच्या ताज्या ऑइलसाठी तो किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी किमान १५५ अंश ठरवलेला आहे. त्याच वेळी मागच्या ब्रेकचा भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्हही तपासून घेणार आहे, कारण तो अडकला की मागचे ब्रेक कमी लागतात आणि भरलेल्या गाडीचा सगळा ताण पुढच्या पॅडवर येतो.