गेनरचा डबा की घरचा शेक? काडी पैलवानांसाठी

माझी उंची पाच फूट नऊ, वजन 52. जिमच्या काउंटरवर बसणाऱ्याने तीन किलोचा मास गेनर, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा डबा, गळ्यात मारला. दोन महिन्यात चार किलो वाढलं पण सगळं पोटावर, दंड होते तसेच, आणि गॅस इतका की लिफ्टमध्ये चारचौघांबरोबर जायची चोरी.

मग डब्यामागचं लेबल वाचलं. बहुतेक गेनरमध्ये 100 ग्रॅमला प्रोटीन फक्त 15-20 ग्रॅम आणि बाकी बरंचसं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर जी साखरेसारखीच पटकन रक्तात जाते. कॅलरी मिळतात हे खरंय, पण त्याचे एवढे पैसे?

आता घरचा शेक बघा. 300 मिली म्हशीचं दूध, दोन केळी, 40 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, दोन खजूर, मिक्सरला फिरवायचं. साडेसातशेच्या आसपास कॅलरी आणि 22-23 ग्रॅम प्रोटीन होतं. शेंगदाण्याची सालं काढायचा कंटाळा येतो म्हणून मी रविवारीच किलोभर भाजून, सुपात पाखडून डबा भरून ठेवतो. घट्ट होतो तो शेक, चमच्यानेच खावा लागतो, पातळ करायला पाणी घातलं की मजा जाते. जेवणाच्या जागी नाही हां, जेवणावर जास्तीचा, नाहीतर हिशोब तिथल्या तिथेच. आपल्यासारख्यांचं पोट चार घासात भरतं म्हणून पिऊन कॅलरी घ्यायच्या, आणि जेवायच्या आधीचा चहा बंद, तो भूक मारतो.

व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधातून काढलेल्या प्रोटीन पावडरीची, गोष्ट वेगळी. एका स्कूपला (डब्यातल्या मापाला) साधारण 24 ग्रॅम प्रोटीन पण कॅलरी जेमतेम 120, त्यामुळे नुसत्या व्हेने वजन वाढेल ही आशा सोडा. पक्के शाकाहारी असाल आणि डाळ-पनीर-सोयाबीन खाऊनही वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम प्रोटीन होत नसेल तर घ्या, अंडी खाणाऱ्यांनी चार अंडी खावीत, तेवढंच काम होतं.

गेनर कोणी घ्यावा मग? शिफ्ट ड्युटी आहे, मिक्सर नाही, सकाळी पाच मिनिटं मिळत नाहीत, अशांनी, तोही अर्धाच डोस दुधातून. दूध पचत नसेल तर दोन्हीकडे बोंब, तिथे शेंगदाणे-गूळ, भातावर जास्तीचं तूप.

आणि काहीही घ्या, व्यायामात वजन उचलणं पाहिजेच, स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, आठवड्याला तीन दिवस, आणि उचलायचं वजन हळूहळू वाढवत न्यायचं. ते केलं नाही म्हणून माझं पोट सुटलं, डब्याला एकट्याला का शिव्या द्या. अंगाचं वजन महिन्याला एक-दीड किलो वाढलं तरी भरपूर. खाऊनही उलट वजन उतरत असेल तर शेक राहू दे बाजूला, आधी थायरॉईड आणि शुगर तपासा.

हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्याकडे मिक्सर नसणार. कोपऱ्यावरच्या अंड्याच्या गाडीवाल्याशी महिन्याचं खातं लावा.