घरची देणी आणि एक्सेल: हिशेबाला पक्कं, आठवण करून द्यायला कुचकामी

कर्ज फेडायला मदत करतो म्हणणारी ॲप ढिगाने आहेत. त्यातली बरीचशी आधी मेसेज वाचायची परवानगी मागतात आणि मग हळूच नवं कर्ज दाखवायला लागतात. मी त्यांच्या नादी लागत नाही. घरातली सगळी देणी एक्सेलच्या एकाच शीटमध्ये ठेवते, आणि हे परीक्षण त्या वापरापुरतंच आहे. ऑफिसात दिवसभर तेच उघडं असतं, पण तिथे आकडे दुसऱ्याचे. घरी तेच एक्सेल आपल्या खिशाबद्दल बोलायला लागलं की टोचतं.

शीट अगदी साधी. एका ओळीत एक देणं: कोणाचं, आज बाकी किती, व्याजदर, हप्ता, बिल तयार होण्याची तारीख, भरायची शेवटची तारीख. आमच्याकडे चार ओळी आहेत. क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, गृहकर्ज आणि नवऱ्याच्या फोनचे हप्ते. चौथी ओळ 'कर्ज' या मथळ्याखाली घातली म्हणून साहेब रुसले होते. "अगं, ते हप्ते आहेत, कर्ज नाही." ओळ तिथेच आहे.

एक्सेलमध्ये कर्जासाठीच बनवलेली फंक्शनं आहेत आणि वर्षानुवर्षं एक्सेल वापरणाऱ्यांनाही ती ठाऊक नसतात. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते एनपीईआर (NPER). व्याजदर, हप्ता आणि बाकी दिली की किती हप्त्यांत कर्ज संपेल ते सांगतं. कार्डावर ते चालवून बघा. बाकी एक लाख, व्याज महिना 3 टक्के, नवी खरेदी बंद. (महिना 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं.) बिलावर लिहिलेली किमान रक्कम 5 टक्के धरली, तर व्याज धरून पहिलं बिल 1,03,000 आणि किमान भरणा 5,150.

आता इथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट म्हणजे दर महिन्याला बिलावर जी किमान रक्कम येईल ती भरायची. बाकी घटते तशी ती रक्कमही घटते, आणि माणसाला वाटतं, चला, ओझं हलकं होतंय. या वाटेने 30 महिने चाललात तरी सुमारे 52,000 बाकी उरते. पाच वर्षं चाललात तरी 27,000 शिल्लक. दुसरी वाट म्हणजे पहिल्या महिन्याचे 5,150 हाच आपला हप्ता ठरवायचा आणि बिलावर कमी रक्कम आली तरी तो खाली आणायचा नाही. एनपीईआर उत्तर देतं 29.55. म्हणजे तिसाव्या महिन्यात कार्ड कोरं. पहिल्या महिन्यात दोन्हीकडे खिशातून गेले तेवढेच. बिल दर महिन्याला सूट देतं आणि आपण ती घेत राहतो, सगळा फरक तिथे पडतो. हा हिशेब कुठलंही बिल स्वतःहून समोर मांडत नाही, आणि मी एक्सेलला गुण देते ते मुख्यतः याच्यासाठी.

याच फंक्शनची एक खोड आहे, ती मला फार आवडते. हप्ता 3,000 करून बघा. उत्तराच्या जागी हॅशची खूण, 'नम' आणि उद्गारचिन्ह येतं. माझ्या धाकट्या दिराने स्वतःचे आकडे घालून बघितले आणि फोन केला.

"वहिनी, तुमची शीट बिघडली आहे. एरर येतोय."

"भाऊजी, शीट ठणठणीत आहे. तुमचा हप्ता निव्वळ व्याजात जातोय. ते कर्ज कधीच संपणार नाही, म्हणून आकडा देता येत नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "आणि पाचशे वाढवले तर?" वाढवले की आकडा येतो, 66 च्या आसपास. आणखी पाचशे वाढवले की 47 च्या. भाऊजी त्या रात्री किती वेळ आकडे बदलत बसले देव जाणे, पण नंतर त्यांनी हप्ता वाढवला एवढं खरं.

दुसरं कामाचं फंक्शन रेट (RATE), हप्त्यांवरून खरा व्याजदर काढणारं. "फक्त 10 टक्के" म्हणून गळ्यात मारलेलं कर्ज सपाट दराचं असेल, तर व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागतं, तुम्ही फेडलेलं त्यातून वजा होत नाही. एक लाख, तीन वर्षं, सपाट 10 टक्के, म्हणजे एकूण 1,30,000 आणि हप्ता 3,611. हे आकडे रेटला देऊन 12 ने गुणलं की येतात जवळपास 18 टक्के. आमचं वैयक्तिक कर्ज असंच निघालं आणि चढ्या व्याजाच्या यादीत तिसऱ्या नंबरावरून दुसऱ्यावर चढलं. गृहकर्जासाठी क्यूमआयपीएमटी (CUMIPMT) आहे, ठरावीक काळात एकूण किती व्याज गेलं ते सांगणारं, तो मात्र मूड घालवणारा प्रकार. 20 वर्षांचं, 9 टक्क्यांचं कर्ज घेतलं, तर लाखामागे पहिल्या पाच वर्षांत साधारण 54,000 भरले जातात आणि त्यातले मुद्दलात जातात 11,300 च्या आसपास.

आधी काय फेडायचं यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माझं म्हणणं, सगळ्यात चढ्या व्याजाचं आधी, कारण एकूण व्याज त्यातच सगळ्यात कमी जातं. नवऱ्याचं म्हणणं, सगळ्यात लहान देणं आधी संपवू, एक ओळ तरी खोडल्याचं समाधान. एक्सेलमध्ये रकाना बदलून सॉर्ट केलं की दोन्ही क्रम दिसतात, भांडण मात्र मिटत नाही. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच्या बाजूचा मुद्दा आहे: खाती एकेक करून बंद होत गेलेले लोक सगळं कर्ज फेडून मोकळे होण्याची शक्यता जास्त दिसली. शेवटी फोनची ओळ आधी संपवली, पण माझ्या अटीवर. सुटलेला हप्ता घरखर्चात मुरू द्यायचा नाही, दुसऱ्या दिवशी तो कार्डाच्या ओळीत जोडायचा.

आता कुरकुर. हप्ता उणे चिन्हाने लिहायचा हे कुणी सांगत नाही, तसाच लिहिला की उत्तर वेडंवाकडं येतं. वार्षिक दर 12 ने भागायचाही आपणच लक्षात ठेवायचा. तारखा शीटमध्ये असल्या तरी शेवटची तारीख उद्यावर आली हे शीट ओरडून सांगत नाही, त्यामुळे गजर फोनमध्येच लावलाय. आणि कार्डाचं व्याज बहुधा दिवसावर मोजलं जातं, मी महिन्यावर धरते, तेव्हा बिलाशी थोडा फरक पडतोच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर सहसा नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून मीटर सुरू. फॉर्म्युल्याला यातलं काही कळत नाही. कार्ड कपाटात ठेवलं तरच वरचे आकडे खरे.

क्रेडिट स्कोअरच्या बाबतीत एक्सेल अर्धंच कामाचं. कार्डाची बाकी भागिले कार्डाची मर्यादा असा एक रकाना केलाय, 30 टक्क्यांच्या वर गेला की लाल होतो. 30 हा काही कायदा नाही, पाळायचा सर्वसाधारण संकेत आहे. बिल तयार होण्याच्या दिवशीची बाकी क्रेडिट अहवालात जाऊ शकते, म्हणून शेवटच्या तारखेची वाट न बघता बिल बनायच्या आधीच काही रक्कम भरून टाकते. अहवाल मात्र वेगळा मागवायचा आणि फेडलेलं कर्ज त्यात 'बंद' दिसतंय का हे डोळ्यांनी ताडून बघायचं. ते काम शीट करणार नाही.

मोबाइलवर वापरू नका, बोट एकीकडे आणि आकडा दुसरीकडे. एक्सेल विकत घ्यायलाच हवं असंही नाही. ब्राउझरमध्ये फुकट चालतं, आणि लिब्रेऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्समध्ये हीच फंक्शनं याच नावांनी आहेत. माझे पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा त्या न वाजणाऱ्या गजराचा.

आणि हो, एक्सेलसोबत कर्जफेडीचं तयार टेम्प्लेटही मिळतं, त्यात जादा भरण्याचा रकाना आहे. ते एका वेळी एकच कर्ज धरतं, म्हणून मी फक्त गृहकर्जाला वापरते. त्यात जादा रक्कम घातली की मुदत कमी झालेली दिसते, हप्ता तोच राहतो. कर्ज देणाऱ्याने मात्र जादा पैसे घेऊन मुदत तीच ठेवली आणि हप्ता कमी केला, तर टेम्प्लेटचा सगळा हिशेब फिसकटतो. तेव्हा पैसे भरण्याआधी मुदत कमी करून हवी असं लेखी द्या आणि नवं वेळापत्रक हातात घ्या.