रॅड टेकची अ‍ॅडमिशन : आमच्या काउंटी कॉलेजच्या अर्ज प्रक्रियेचा रिव्ह्यू (दोन वर्षं, दोन अर्ज)

पाचपैकी चार स्टार देतीये. एक कापला तो अ‍ॅडव्हायजिंगच्या काउंटरसाठी, का ते खाली येईलच. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. न्यू जर्सीतलं काउंटी कॉलेज (म्हणजे कम्युनिटी कॉलेजच) आहे एवढं पुरे.

कोर्स म्हणजे रॅडिओलॉजिक टेक्नॉलॉजी, दोन वर्षांची असोसिएट डिग्री, ती झाली की एआरआरटीची (टेक्नॉलॉजिस्टना सर्टिफिकेट देणारी संस्था) परीक्षा आणि मग हॉस्पिटलमधे एक्स-रे काढायची नोकरी. मी नाशिकची, बी.एस्सी. झूलॉजी 2011, लग्न करून इकडे आले, एच-4 वर (एच-1बी वाल्याच्या बायकोचा व्हिसा), मग मुलगी झाली, मग ती शाळेत जायला लागली आणि दुपारी घर एकदम शांत. तेवढ्यात ती खेळताना पडली आणि कोपराला लागलं. इमर्जन्सीत जी टेक्नॉलॉजिस्ट आली तिने त्या दुखऱ्या कोपराला हातसुद्धा लावला नाही, मुलीला खुर्चीसकट फिरवलं, टेबल वरखाली केलं, मशीन तिच्या हाताजवळ आणलं, आणि मुलगी रडायची थांबून बघत बसली. बाहेर येताना मी तिला विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणाली इथेच, काउंटी कॉलेजला. त्या रात्रीच मी साइट उघडली.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला कळायला दोन महिने लागले. कम्युनिटी कॉलेजला प्रवेश सगळ्यांनाच मिळतो, पण रॅड टेकला नाही. कॉलेजचा अर्ज वेगळा, प्रोग्रामचा वेगळा, आणि प्रोग्राममधे वर्षातून एकदाच घेतात, आमच्याकडे 24 सीट. कॉलेजचं अ‍ॅक्सेप्टन्स लेटर आलं तेव्हा मी सासूबाईंना फोन करून सांगितलं होतं की अ‍ॅडमिशन झाली, त्यांनी शेजारी पेढे वाटले, आणि नंतर कळलं की मी फक्त दारातून आत आलीये, खोली अजून लांब आहे.

आता कौतुकाचं. माहिती सत्र हे या सगळ्या प्रक्रियेतलं सगळ्यात चांगलं काम. कंपल्सरी असतं, दीड तास, प्रोग्राम डायरेक्टर बाई स्वतः घेतात. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच पॉइंट शीट पडद्यावर लावली. ए अँड पी वनला (अ‍ॅनाटॉमी अँड फिजिओलॉजी, शरीररचनेचा विषय) ए ग्रेड असेल तर इतके पॉइंट, बी असेल तर इतके, टीज या एंट्रन्सचा स्कोअर इतक्याच्या वर असेल तर इतके, आधीची डिग्री असेल तर इतके, इंटरव्ह्यूचे इतके. बेरीज करायची, वरचे 24 आत. कोणाची ओळख नाही, डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोटा नाही. मी बारावीनंतरच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी आईबाबांची झालेली धावपळ पाहिलीये, त्यामुळे इतकं उघड, कागदावर छापलेलं माप बघून मला खरंच भरून आलं.

दुसरं म्हणजे त्यांनी जेआरसर्टचे आकडे दाखवले. जेआरसर्ट ही रेडिओग्राफीच्या प्रोग्रामना मान्यता देणारी संस्था, शिकागोची. मान्यता असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला तीन गोष्टी जाहीर कराव्या लागतात: पहिल्या प्रयत्नात एआरआरटी किती जण पास झाले, नोकरी शोधणाऱ्यांपैकी किती जणांना वर्षभरात मिळाली, आणि सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी कोर्स पूर्ण केला. पासचा आणि नोकरीचा आकडा पाच वर्षांच्या सरासरीने 75 टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही असा त्यांचा दंडक आहे. मला विचाराल तर तिसरा आकडा सगळ्यात आधी बघा. पास होणारे शंभर टक्के आणि पूर्ण करणारे निम्मेच असतील तर बाकीचे कुठे गेले हे विचारायलाच हवं. आमच्या डायरेक्टर बाईंनी न विचारता सांगितलं, काही जण दुसऱ्या सेमिस्टरच्या फिजिक्सला गळतात, काहींना क्लिनिकलच्या (हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगच्या) पहाटेच्या वेळा जमत नाहीत. जाहिराती करणारी खाजगी कॉलेजंही मी बघितली होती, फी कितीतरी पट, आणि हे तीन आकडे विचारले की विषय बदलायचे. तिथे मान्यता तपासल्याशिवाय एक डॉलर भरू नका.

सत्रात एका मुलीने विचारलं की मधे दिवस राहिले तर काय. मला हाच प्रश्न विचारायचा होता पण धीर होत नव्हता. उत्तर सरळ मिळालं: सांगायचं की नाही हे तुमच्या हातात, लेखी कळवलं तर बाळासाठी वेगळा डोसिमीटर (किरणांचा डोस मोजणारा बॅज) मिळतो आणि पूर्ण गरोदरपणात बाळाला 5 मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते, एरवी मोठ्या माणसाला कामाच्या जागी वर्षाला 50 असते, आणि प्रत्यक्षात विद्यार्थ्यांच्या बॅजवर येतं ते यापेक्षा खूप कमी, कारण एक्स्पोजरच्या वेळी तुम्ही काचेच्या मागे उभे असता.

आता कापलेला स्टार.

मी माझी डिग्री कोर्सनुसार इव्हॅल्युएट करून घेतली होती. आईने नाशिकहून पुण्याला विद्यापीठात दोन खेपा घातल्या त्या सीलबंद ट्रान्सक्रिप्टसाठी. तो रिपोर्ट घेऊन मी अ‍ॅडव्हायजिंगच्या काउंटरवर गेले, तिथल्या माणसाने पाच मिनिटं चाळला आणि म्हणाला झूलॉजी आहे, फिजिओलॉजी आहे, तुझं ए अँड पी झाल्यातच जमा आहे, फॉर्म भरून टाक. मी भरला. एप्रिलमधे पत्र आलं, अर्ज अपूर्ण, विचारातच घेतला नाही. का, तर सायन्सचे विषय गेल्या पाच वर्षांतले लागतात आणि माझे 2011 चे. हे पॉइंट शीटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी वाचलं नाही ही माझी चूक, पण ज्याचं काम ते सांगणं आहे त्याने उलटं सांगितलं. एक अख्खं वर्ष गेलं. आई दोनदा उन्हातान्हात जाऊन आली होती, ते तिला फोनवर सांगताना मला रडू आवरलं नाही. त्यामुळे कळकळीने सांगतीये, काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर फॉर्म भरू नका, थेट प्रोग्रामच्या ऑफिसला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. मी नंतर प्रत्येक गोष्ट तशीच विचारली, प्रत्येक वेळी दोन दिवसांत उत्तर आलं. जुनी डिग्री अगदी वाया गेली असं मात्र नाही, आधीच्या पदवीचे पॉइंट मिळाले.

मग बसून ए अँड पी वन आणि टू केलं, दोन सेमिस्टर, चार-चार क्रेडिट, लॅबसकट. लॅब प्रॅक्टिकलला टेबलांवर हाडं मांडलेली असतात, त्यावर टाचणी किंवा स्टिकर, मिनिटभरात नाव लिहायचं आणि पुढच्या टेबलावर सरकायचं. हाड कोणतं एवढ्यावर भागत नाही, डावं की उजवं, त्यावरचा तो उंचवटा कोणता, ती खाच कोणती. मनगटाची आठ हाडं मी भाजी चिरताना म्हणायचे. बाकी मेडिकल टर्मिनॉलॉजी, कॉलेज अल्जेब्रा, इंग्लिश कॉम्पोझिशन. ते होऊन जातं. जीव लावायचा तो ए अँड पीला, कारण पॉइंट तिथेच जास्त, आणि पुढे पोझिशनिंग (एक्स-रेसाठी पेशंटला नीट बसवणं-झोपवणं) शिकताना सगळं त्यावरच उभं असतं. नोकरी करत असाल तर एका सेमिस्टरला एकच सायन्स घ्या, माझ्या वर्गातल्या दोघी दोन सायन्स एकदम घेऊन सी ग्रेडवर आल्या आणि सी ने पॉइंट जवळजवळ काहीच मिळत नाहीत.

टीज म्हणजे एंट्रन्स. 170 प्रश्न, 209 मिनिटं, वाचन, गणित, सायन्स, इंग्लिश. काही कॉलेजांना हेसी ही दुसरी एंट्रन्स लागते, आमच्याकडे टीज. आपल्याला गणिताची भीती नसते पण यात पिंट, क्वार्ट, औंस, पाउंड असं सगळं येतं आणि ते आपल्या अंगवळणी नसतं, मी दुधाच्या कॅनवरचं वाचून वाचून पाठ केलं. वाचनात मी पहिल्यांदा मार खाल्ला, 45 प्रश्नांना 55 मिनिटं आणि मला प्रत्येक उतारा दोनदा वाचायची सवय. पहिला स्कोअर 68, दुसऱ्या वेळी 81. मधे रोज एक उतारा घड्याळ लावून, दुसरं काही विशेष केलं नाही. आमचं कॉलेज दोन्हींतला चांगला स्कोअर धरतं, तुमचं काय धरतं ते विचारून घ्या.

शॅडोइंगचे (टेक्नॉलॉजिस्टच्या मागे राहून काम बघायचे) आठ तास हॉस्पिटलमधे. याला पॉइंट नव्हते, पण मला विचाराल तर हेच सगळ्यात मोलाचं. आठ तासांत बसले असेन वीस मिनिटं. आयसीयूत पोर्टेबल मशीन ढकलत नेऊन छातीचा एक्स-रे, नळ्या-वायरी सांभाळत पाठीखाली प्लेट सरकवायची. पडलेल्या आजींचा खुबा. प्रत्येक पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारायची, हातातल्या फीतीवर बघायची, मग दुसरं काम. मी जिच्याबरोबर होते तिच्या खिशात शिशाचे दोन छोटे मार्कर, एकावर एल, एकावर आर, शेजारी तिची आद्याक्षरं, म्हणजे कोणती बाजू आणि कोणी काढला हे फिल्मवर कायमचं राहतं. त्या आजींना ती म्हणाली श्वास घ्या, थांबा, आता सोडा, आणि गरम केलेलं ब्लँकेट परत पायावर टाकूनच बाहेर आली. ज्यांना वाटतं हे बटण दाबायचं काम आहे त्यांनी हे आठ तास जरूर करावेत, नको वाटलं तर तेव्हाच कळतं.

इंटरव्ह्यू वीस मिनिटांचा, समोर तिघे. पेशंटने एक्स-रे काढायला नाही म्हटलं तर काय कराल असं विचारलं. मी म्हटलं का नको ते ऐकून घेईन, समजावून सांगेन, तरीही नको म्हणाले तर थांबेन आणि वरिष्ठांना कळवेन, कारण शरीर त्यांचं आहे. इंग्लिश अडखळलं माझं दोनतीनदा. त्यांनी वाट बघितली, वाक्य पूर्ण करू दिलं. हे लिहायलाच हवं.

निवडीचं पत्र आलं की काम संपत नाही, सहा आठवड्यांत बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, सीपीआर आणि लसींचे पुरावे. आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं इथे आहे. लहानपणीचं लसीचं कार्ड आपल्यापैकी किती जणांकडे असतं? माझं नव्हतं. रक्ताची टायटर टेस्ट करा, गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हेपटायटिस बी, अँटिबॉडी निघाल्या तर तोच पुरावा. आणि टीबीसाठी हातावर सुई टोचून करतात ती टेस्ट शक्यतो टाळा, आपल्याला बीसीजी दिलेलं असतं (दंडावरचा तो व्रण) त्यामुळे ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, आणि डेडलाइन जवळ येत जाते. त्याऐवजी क्वांटिफेरॉनसारखी रक्ताची टेस्ट मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मी प्रोग्रामच्या ऑफिसला विचारलं, त्यांनी लगेच चालेल म्हणून कळवलं.

व्हिसाचं थोडक्यात. एच-4 वर शिकता येतं, वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही. पण फेडरल मदत, पेल ग्रँट वगैरे, सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, एच-4 ला नाही, त्यामुळे फी खिशातून जाणार हे धरून चाला. आणि डिग्री झाली तरी नोकरीला ईएडी (वर्क परमिट) किंवा ग्रीन कार्ड लागेल, या कामावर एच-1बी मिळणं फार अवघड, कारण त्याला बॅचलर्स लागणारी नोकरी असावी लागते. माझ्याकडे ईएडी आहे म्हणून मी उडी घेतली. नसेल तर आधी घरात बसून नीट बोला. आणि भारतातला एक्स-रे टेक्निशियनचा डिप्लोमा असलेल्या एकीने मला विचारलं होतं, तो थेट चालत नाही, एआरआरटीला त्यांच्या मान्यतेचा प्रोग्राम झालेला लागतो, पण काही कॉलेजं आधीचं शिक्षण बघून थोडी सूट देतात, विचारायला हरकत नाही.

सध्या पहिलं सेमिस्टर चालू आहे, क्लास आणि क्लिनिकल मिळून आठवड्याला 40 तासांच्या वर नेत नाहीत, तो जेआरसर्टचाच नियम आहे, त्यामुळे मुलीच्या शाळेचं गणित बसवता येतं. पहाटे साडेपाचला निघते, डबा नवरा भरतो.

पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांसाठी: आमच्याकडे शॅडोइंगलाही आता पॉइंट सुरू होणार आहेत असं डायरेक्टर बाईंनी परवा वर्गात सांगितलं, त्यामुळे मी वर जी शीट सांगितली ती जुनी झाली समजा. ऑक्टोबरच्या माहिती सत्रात नवीन मिळेल, ती घ्या, आणि मागची बाजूही वाचा.